बहिणीचा फोन आणि आपलं पथनाट्य



'सोशल मीडिया आणि मनाचं स्वास्थ्य' या विषयावरचं वाचन तुमच्या गटांनी बऱ्यापैकी केलंय. घोडं अडलंय ते मांडणीवर. पथनाट्य, रील, पोस्टर, पॉडकास्ट अशा सूचना आल्यात आणि सर्वाधिक हात पथनाट्यासाठी वर गेले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, नाटकातलं मला फार कळत नाही. पण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना आकड्याचं काय होतं, हे रोज बघतो. तेवढ्यापुरतं बोलतो.

आधी हातात काय आहे ते पाहू. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की यांनी ब्रिटन-अमेरिकेतल्या साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांची माहिती तपासली. स्क्रीनचा वापर जास्त तिथे स्वास्थ्य कमी, असा संबंध सापडला. पण मुलामुलांमधल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग त्यातून उलगडतो. नेहमी बटाटे खाण्याशी असलेला संबंधही जवळपास तेवढाच निघाला! दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१८ चा. काही लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा तासभर मोकळा झाला, मनाला थोडं बरं वाटलं, पण बातम्यांची माहितीही कमी झाली. तिसरा २०२० चा, नेदरलँड्सचा. ६३ किशोरवयीन मुलामुलींना आठवडाभर, दिवसातून सहा वेळा विचारलं. नुसतं इतरांचं बघत बसल्यावर ४६ टक्के मुलांना बरं वाटत होतं, ४४ टक्क्यांना काहीच फरक नव्हता आणि १० टक्क्यांना वाईट वाटत होतं.

मला हा तिसरा अभ्यास सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्याकडे सर्व्हर सरासरी किती वेळात उत्तर देतो, एवढ्यावर कुणी समाधानी राहत नाही. सरासरी छान असते आणि शंभरातल्या एकाचं पान उघडतच नाही. म्हणून त्या शंभराव्या माणसाचा आकडा वेगळा काढतात. इथेही तसंच आहे. सरासरी सांगते 'विशेष काही नाही', पण दहातला एक जण खरोखर त्रासात असतो.

आता हे पथनाट्यात घाला. चौकात दहा मिनिटं लोकांना थांबवायचं तर खलनायक हवा. खलनायक कोण? मोबाइल. पोरगी मोबाइलच्या नादी लागते, अभ्यास बुडतो, आई रडते, टाळ्या. त्या ४६ टक्क्यांना या नाटकात पात्रच नाही. पोस्टरचंही तेच. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन यांनी बाहेर काढलेल्या फेसबुकच्या कागदांतली एक स्लाइड जगभर गाजली. किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींमागे एकीची शरीराबद्दलची नाराजी आम्ही वाढवतो, असं त्यात होतं. मूळ निष्कर्ष असा होता की, आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते वाढतं, असं ३२ टक्के मुलींनी सांगितलं. गोष्ट तरीही गंभीरच आहे. पण 'आधीच वाईट वाटत असताना' एवढे शब्द गळले आणि अर्थ बदलला.

आपल्या मोहल्ल्यात असे शब्द गळतात तेव्हा फोन कुणाचा जातो, हे तुम्हाला सांगायला नको. भाईजानचा जात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा फोन होता. ज्या मुलीचा क्लास, स्कॉलरशिपचा फॉर्म आणि मैत्रिणी त्या फोनमध्ये आहेत, तिच्या अब्बांना आपण चौकात उभं राहून कारण पुरवायचं का? माझा पथनाट्याला विरोध इथे आहे. करायचंच असेल तर ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांचं फोरम थिएटर बघा. तिथे प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि पुढचा प्रसंग बदलून दाखवतो. पण त्याला तालीम लागते, आणि आपल्याकडे आठवडेच थोडे आहेत.

मी पोस्टकार्डं सुचवीन. न्यूयॉर्कची जॉर्जिया लुपी आणि लंडनची स्टेफनी पोसावेक या दोघींनी ५२ आठवडे एकमेकींना हाताने काढलेली कार्डं पाठवली. दर आठवड्याला स्वतःच्या जगण्यातली एक गोष्ट मोजायची, पुढच्या बाजूला चित्र आणि मागे ते कसं वाचायचं याची खूण. २०१६ मध्ये त्याचं 'डिअर डेटा' हे पुस्तक झालं. रंगपेटी आणि कोरी कार्डं, एवढाच खर्च.

तुम्ही असं करा. प्रत्येकाने सात दिवस, रोज एक कार्ड. फोन उघडण्याआधी मन कसं होतं त्याचा एक ठिपका आणि ठेवल्यानंतर कसं होतं त्याचा दुसरा. पहिला ठिपका विसरू नका. मन खट्टू होतं म्हणून फोन घेतला की फोनमुळे खट्टू झालं, हे त्याशिवाय कळणार नाही. आणि काय पाहिलं त्याची खूण हवीच. मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो, क्रिकेट, की आपल्याला घातलेल्या शिव्या? तासांचे आकडे हे सांगत नाहीत. २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो 'लिलावा'ला लावले गेले. दोन्ही गिटहबवर होती, जिथे माझ्यासारखे लोक रोजचं काम करतात. त्या दिवशी पाच मिनिटं फोन पाहणाऱ्या मुलीच्या मनाचा हिशेब मिनिटांत कसा मांडणार?

कार्डं दोरीवर टांगा. पहिल्या टोकाला त्या तीन अभ्यासांचे आकडे मोठ्या अक्षरांत, पूर्ण वाक्यांत लावा, कारण वीस मित्रांची कार्डं म्हणजे समाजाचं सर्वेक्षण नव्हे. कार्डांवर नाव, वय, गल्ली नको. आणि मोहल्ल्यात अक्षरही ओळखलं जातं, तेव्हा टांगण्याआधी सगळी कार्डं एकाच हाताने उतरवून घ्या आणि मूळ कार्डं ज्याची त्याला परत द्या.