भिंत सोडून निघालेलं चित्र

चित्र कॅनव्हासवर काढलेलं असतं, बूट कॅनव्हासचे असतात आणि एखाद्या कादंबरीचा कॅनव्हास मोठा आहे असंही आपण म्हणतो. मूळ वस्तू मात्र जहाजावरची. भांगेच्या जातीच्या रोपाच्या वाखापासून विणलेलं जाड कापड; त्या रोपाच्या लॅटिन नावावरूनच त्याला हे नाव पडलं. त्याची शिडं होत. आज मला बोलायचं आहे ते त्याच्या एकाच गुणाविषयी. हे कापड गुंडाळून नेता येतं, आणि त्यामुळे चित्राला भिंत सोडता आली.

व्हेनिसमध्ये हे फार ठळकपणे घडलं. ओल्या गिलाव्यावर काढलेली चित्रं तिथल्या खाऱ्या, दमट हवेत टिकत नसत. गाव जहाजांचं, त्यामुळे शिडाच्या कापडाला तोटा नाही. सोळाव्या शतकातल्या तिथल्या चित्रकारांनी ते हाताशी धरलं. कोऱ्या कापडावर तेलरंग थेट दिला तर अळशीचं तेल धागे कुजवतं. म्हणून आधी सरसाचा हात द्यायचा, मग अस्तर, मग रंग. त्यांच्यापैकी वेरोनेझेने १५६३ साली एका मठाच्या भोजनगृहासाठी बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं चित्र पुरं केलं. उंची पावणेसात मीटर, रुंदी जवळजवळ दहा. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने ते कापलं, गुंडाळलं आणि पॅरिसला नेलं. आजही ते तिथल्या लूव्र संग्रहालयात आहे. जे कापड चित्राला पाय देतं, ते लुटणाऱ्याचंही काम सोपं करतं. याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे कापडावरच्या चित्राने खरी भटकंती केली ती नाटक मंडळींबरोबर. रस्ता, राजवाडा, बाग, जंगल असे पडदे बांबूला गुंडाळून गावोगाव जात. त्यांना तेलरंग चालत नसे : तो दिव्यांत चकाकतो आणि गुंडाळताना तडकतो. म्हणून भुकटीचा रंग सरसाच्या पाण्यात कालवून देत. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री यांनी या कामात असं नाव काढलं, की ‘पेंटर’ हेच त्यांचं आडनाव झालं. माझ्या मते मराठी प्रेक्षकाला दूरवरचं, खोलीचं दृश्य बघायची सवय चित्रशाळांपेक्षा या पडद्यांनी अधिक लावली. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही राजवाड्याचे खांब मागे मागे जाताना दिसत.

आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट पडद्यावर आणला. पुढे चित्रपटात त्यांनी रंगवलेले पडदे मागे सारून भरीव नेपथ्य उभं केलं. पडद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यांच्या हाताला ठाऊक होत्या, म्हणूनच ते हे करू शकले.

आता एक कळकळीची विनंती. आपल्यापैकी कुणाच्या घरी, एखाद्या मंडळाच्या किंवा देवळाच्या माळ्यावर असे जुने पडदे असतील, तर त्यांची घडी घालू नका. घडीवर रंग सुटतो. ते धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसूही नका; सरस पाण्यात विरघळतो आणि चित्र त्याच्याबरोबर वाहून जातं. जाड नळीवर सैलसर गुंडाळा, पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका आणि जुनी चित्रं सावरणाऱ्या जाणकाराला बोलावून आधी त्यांचे फोटो काढून घ्या.