शहाणें शहर कोणतें?



शाळेंत शिकवीत असतां 'चलाख' आणि 'शहाणा' या दोन शब्दांतील भेद मुलांना समजावून सांगण्याचा प्रसंग माझ्यावर अनेकदां येई. चलाख मुलगा विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर चटकन् देतो. शहाणा मुलगा कोणता प्रश्न विचारावयाचा राहून गेला हें पाहतो. 'स्मार्ट' हें विशेषण शहरांना लागूं लागल्यापासून हा भेद मला पुनः पुनः आठवतो. आपलें शहर चलाख असावें कीं शहाणें, याचा आज थोडा विचार करूं.

२५ जून २०१५ रोजीं केंद्र सरकारनें शंभर शहरांसाठीं 'स्मार्ट सिटी' योजना सुरू केली. जानेवारी २०१६ मध्यें निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत पुणें, सोलापूर व इंदूर हीं होतीं. ३१ मार्च २०२५ रोजीं ती योजना समाप्त झाली. स्मार्ट शहराची सर्वमान्य अशी व्याख्या नाहीं, हें तिच्या मार्गदर्शक सूचनांत आरंभींच प्रांजळपणें कबूल केलें होतें. व्याख्या नसली तरी नियंत्रण-कक्ष मात्र शंभरही शहरांत उभे राहिले. तेथें बसून दूरवरचे रस्ते आणि त्यांवरील वाहनें पाहतां येतात. पूर, आग, अपघात अशा वेळीं त्यांचा उपयोग आहे; तो नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु दिसणें निराळें आणि जाणणें निराळें.

घरचेंच उदाहरण सांगतों. आमच्या घरासमोरील रस्ता कांहीं वर्षांपूर्वीं रुंद झाला. दिवे आले, कॅमेरे आले. रस्त्यापलीकडे भाजीबाजार आहे. पूर्वीं माझी पत्नी रोज सकाळीं पिशवी घेऊन तेथें जाई. भाजी हें निमित्त, चार माणसांशीं बोलणें हें खरें काम. आतां तिचे गुडघे दुखतात. ती रस्त्याच्या मध्यावर पोंचते न पोंचते तोंच पादचाऱ्यांचा हिरवा दिवा विझतो. दोनदां ती भर रहदारींत अडकली, आणि तेव्हांपासून तिनें जाणेंच सोडलें. कॅमेरा रस्त्यावरून गेलेलीं वाहनें मोजतो. जी बाई रस्त्यावर आलीच नाहीं, तिची नोंद तो कशी घेणार?

शहरानें कोणाकडे पाहावें, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीं पॅट्रिक गेडिस यांनीं फार उत्तम रीतीनें हाताळला. हे मूळचे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ. १९१४ सालीं ते हिंदुस्थानांत आले आणि १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. शहराचा आराखडा आंखण्यापूर्वीं तें गल्लीगल्लींतून पायीं हिंडून पाहावें, हा त्यांचा परिपाठ. रस्ता सरळ करण्यासाठीं सबंध वस्ती पाडण्यापेक्षां जेवढें जीर्ण तेवढेंच काढावें आणि बाकीचें जपावें, अशी त्यांची पद्धति होती.

होळकरांच्या इंदुरास ते दरबारच्या निमंत्रणावरून गेले, तेव्हां तेथें प्लेगाची धास्ती होती. दिवाळीची मिरवणूक यंदा नेहमींच्या मार्गानें न जातां, जेथील घरें अधिक स्वच्छ व नीटनेटकीं असतील त्या मार्गानें जाईल, असें त्यांनीं जाहीर करविलें. झालें! घरोघर झाडलोट सुरू झाली. मिरवणुकींत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगाचा भला मोठा उंदीर होता. आणि शहराचे झाडूवाले शुभ्र वस्त्रें नेसून, गळ्यांत हार घालून, मानानें चालत होते. ज्यांच्याकडे एरवीं कोणी मान वर करून पाहत नसे, त्यांच्याकडे सारें शहर त्या दिवशीं पाहत राहिलें. गेडिस यांचा इंदूरविषयक अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला; परंतु मला तरी त्याहून ती मिरवणूकच अधिक बोलकी वाटते.

पुण्याचें उदाहरण तर अलीकडचें. तेथील कचरावेंचकांनीं, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. पुढें त्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ सालीं महानगरपालिकेनें तिच्याशीं करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम तिच्याकडे सोंपविलें. कोणता कागद विकला जातो, कोणत्या प्लॅस्टिकला मोल येतें, हें ज्ञान या स्त्रियांच्या हातांत पूर्वींपासूनच होतें. त्यांना हुसकावून केवळ यंत्रें आणणें ही चलाखी झाली असती; त्यांच्या ज्ञानाचा मान राखणें हें शहाणपण झालें.

लोकांना विचारण्याची सोय कायद्यानेंही केलेली आहे. १९९३ सालीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तीन लाख वा अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठीं प्रभाग-समित्या सांगितल्या. पुण्यांत २००६ पासून नागरिकांना आपल्या भागांतील कामें अंदाजपत्रकासाठीं सुचवितां येऊं लागलीं. दार उघडें असून आपणच आंत गेलों नाहीं, तर दोष एकट्या दाराचा नव्हे.

तेव्हां माझी व्याख्या थोडक्यांत अशी: आपल्या रस्त्यावर कोण दिसत नाहीं हें ज्या शहराच्या ध्यानांत येतें, आणि तो माणूस कां दिसत नाहीं हें त्याच्या घरीं जाऊन विचारावेंसें ज्याला वाटतें, तें शहाणें शहर. अशा शहरांत यंत्रें अवश्य असावींत. पण त्यांना काय पाहावयाचें तें माणसांनीं सांगावें.

आमच्या चौकांतील हिरवा दिवा दहा सेकंद अधिक जळावा, एवढाच अर्ज मीं नुकताच लिहून दिला आहे. त्यावर शेजारच्या अकरा वृद्धांच्या सह्या आहेत. त्या सर्वांना रस्त्यापलीकडे कांहींना कांहीं काम होतें. आणि प्रत्येकाला असें वाटत होतें कीं, ही अडचण आपली एकट्याचीच आहे.