घारापुरीतला एक रविवार



या व्यासपीठावर पंडित मंडळी बोलून गेली आहेत. आमचे शालेय शिक्षण सातवीला संपले. पुढचे जे काही झाले ते रात्रीच्या वाचनालयात आणि गेटसभांत. तेव्हा घारापुरीच्या लेण्यांवर आम्ही शिल्पशास्त्र सांगू लागलो, तर ते आपण मुळीच ऐकू नये. आमच्या युनियनचे चाळीसएक सभासद एका रविवारी तेथे गेले होते. त्यांनी तेथे काय पाहिले, एवढेच सांगणार आहोत.

रविवार म्हटले की आम्हांला प्रथम नारायण मेघाजी लोखंडे आठवतात. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी तासाभराची वाट. लाँच निघाल्यावर आम्ही सभासदांना हा इतिहास ऐकवला. एक तरुण म्हणाला, "भाऊ, आम्हां कंत्राटी माणसांचा मात्र आज खाडा पडला." त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. लाँच चालू राहिली.

धक्क्यावरून लेण्यांकडे जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकाने, कैऱ्याकाकड्यांच्या पाट्या, आणि त्यांवर टपलेली माकडे. पायथ्याशी डोलीवाले बसलेले असतात: एक खुर्ची, दोन दांडे, चार खांदे. आमच्यातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी उमेदीची तीस वर्षे गोदीत ओझी वाहिली, गुडघे गेलेले. त्यांना डोलीत बसवावे काय? तेथेच वाद पेटला. माणसाने माणसाच्या खांद्यावर बसू नये, असे आम्ही जन्मभर सांगत आलो. डोलीवाल्यांपैकी एकाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुमचे तत्त्व खरे आहे हो. पण सोमवारी लेणी बंद, पावसाळ्यात लाँचांचा भरवसा नाही. आजचा रविवार तुम्ही तत्त्वात घालवलात, तर आम्ही खायचे काय?"

शेवटी ते गृहस्थ चढताना तीन ठिकाणी बसत पायीच चढले. उतरताना मात्र डोलीत बसले आणि सांगितलेल्या मजुरीत एक रुपयाही पाडून मागितला नाही. आम्ही बरोबर केले की चूक, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही.

मोठे लेणे सहाव्या शतकातले मानतात. आत उजेड बेताचा. समोर १८-२० फूट उंचीची ती त्रिमुखी मूर्ती दिसली आणि आमची बडबडी मंडळी गप्प झाली. तिला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. जाणकार सांगतात की तीनही मुखे शिवाचीच. एक उग्र, एक शांत, एक कोमल. हे कळायला पंडित लागतो, पण गप्प व्हायला लागत नाही.

आमच्याबरोबर पाथरवट घराण्यातले एक सभासद होते; हल्ली ते इमारतींत फरशी बसवतात. ते मूर्तीकडे कमी आणि छताकडे जास्त पाहत होते. त्यांनी आम्हांला समजावले, की हे बांधलेले नाही, कोरलेले आहे. म्हणजे काम वरून खाली उतरते. आधी छत, मग खांबाचा माथा, शेवटी जमीन. विटेच्या भिंतीत चूक झाली तर वीट काढता येते. येथे जादा निघालेला टवका परत चिकटवता येत नाही. खांबांची मापे एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, हेही त्यांनीच दाखवले. मोडलेले काही खांब पुढच्या काळात दुरुस्त करून उभे केले आहेत. तेही त्यांनी लांबूनच ओळखले. मग म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. ते दगडाचे झाले. टाकी धरणाऱ्या हाताचे कोणी काही म्हणत नाही."

हे हात कोणाचे? येथे एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला, असे त्यांचाच इतिहासकार दिओगो दो कौतो याने लिहिले आहे. तिकडे तो वाचणारा कोणी भेटला नाही आणि पुढे तो दगडच नाहीसा झाला. त्यावर राजाचे नाव असेल, दात्याचे असेल. छिन्नीवाल्याचे असण्याचा संभव कमीच. पण या बेटावर दुसरी एक वस्तू सापडली आहे. कलचुरी राजा कृष्णराज याची हलक्या मोलाची तांब्याची नाणी. नाणकशास्त्राच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी असा तर्क केला, की ही नाणी लेणी खोदणाऱ्या मजुरांच्या मजुरीची असावीत. हे आम्ही तेथे त्रिमूर्तीसमोर उभे राहून सांगितले. खाडा पडलेला तो तरुण लगेच म्हणाला, "म्हणजे रोख मिळत होती!" आणि सारे लेणे हसण्याने घुमले. पहारेकऱ्याने दटावले, ते योग्यच होते.

पूर्वेच्या टेकडीवरचा विटांचा बौद्ध स्तूप पाहायचा राहिला. वरच्या टेकडीवर इंग्रजांच्या दोन अजस्र तोफा आहेत. तेथे मुलांनी फोटो काढले. खाली मोराबंदर, राजबंदर, शेतबंदर या वस्त्या. समोर रात्रभर मुंबई झगमगत असता, या गावांना समुद्राखालच्या केबलने कायमची वीज मिळाली ती २०१८ साली.

परतताना पाथरवटांनी विचारले, "बेटाला एलिफंटा नाव पडले, तो हत्ती कोठे आहे?" तो दगडी हत्ती १८६४ साली इंग्लंडला न्यायचे घाटत होते. उचलताना साखळी तुटली, हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईला आणले आणि १९१४ साली जोडले. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेत आहे.

पुढच्या रविवारी आणखी एक खाडा पत्करून ते दोघे, पाथरवट आणि तो तरुण, आमच्याबरोबर भायखळ्याला आले. हत्तीभोवती एक फेरी मारून होते न होते तोच पाथरवट थांबले आणि एकेक सांधा बोटाने दाखवू लागले.