पाचवा रकाना कोरा सोडू नका
(वनहक्क शिबिरातलं भाषण)



सामूहिक वनहक्काचे दावे आम्ही गावोगाव बघतो. गुरचराई लिहिलेली असते. मासे, डिंक, मोह, तेंदू सगळं लिहिलेलं असतं. पाचव्या क्रमांकाला मात्र नुसती रेघ. तिथं छापलेलं असतं: जैवविविधता, बौद्धिक संपदा आणि पारंपरिक ज्ञान. शब्द जड वाटतात, म्हणून आपण पुढे जातो. अर्थ साधा आहे. आपल्या भगताला, सुईणीला, बी राखणाऱ्या बाईला जे ठाऊक आहे, त्यावर गावाचा हक्क आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानं तो मान्य केला आहे.

जमीन बळकावली तर बांध सरकलेला दिसतो. ज्ञान नेलं तर काहीच दिसत नाही. हळदीचं बघा. जखमेवर हळद लावायची, हे आपल्या आजीला कुणी कागदावर शिकवलं नव्हतं. तरी 1995 साली अमेरिकेत त्याचंच पेटंट दिलं गेलं! आपल्या देशातल्या सीएसआयआर या सरकारी संस्थेनं हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि 1953 सालचा वैद्यकीय मासिकातला लेख पुढे ठेवला. 1997 साली पेटंट रद्द झालं. नुसत्या आजीच्या सांगण्यावर ते झालं नसतं.

दिवाणी कायदा असाच चालतो. ज्याचा हक्क, त्यानंच दावा लावायचा. कोर्ट मनाई हुकूम देतं, नुकसानभरपाई देतं. पण आधी विचारतं, तुम्ही कोण आणि पुरावा काय? वारली चित्रकलेला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता कुणी भलताच माल 'वारली' म्हणून विकला, तर नोंदणीधारक संस्था आणि नोंदलेले चित्रकार कोर्टात जाऊ शकतात. ज्याचं नाव नोंदीत नाही, त्याला या कायद्याखाली ती वाट नाही.

मग करायचं काय? ग्रामसभेत बसून पाचवा रकाना भरा. कोणता पाला कशावर चालतो, कोणतं बी कोण राखतं, ते लिहा. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे पंचायतीत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घ्या, वाचून बघा.

एक मात्र सांभाळा. औषध किती घ्यायचं, कशात कुटायचं, हे वहीत टाकू नका. हक्काला पुरावा लागतो, सगळी कृती सांगावी लागत नाही. बाहेरचा कुणी विचारायला आला तर एकट्यानं सांगू नका. त्याला ग्रामसभेपुढे आणा, ठराव होऊ द्या.

आपली म्हातारी माणसं एकेक करून जात आहेत. त्यांच्याबरोबर आपली साक्षही जाते. येत्या ग्रामसभेला त्यांना पुढे बसवा, त्यांचं ऐका आणि लिहून घ्या.

जोहार!