फिजिशियन असिस्टंट व्हावे का?

(बेंगळुरू येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात, बारावी उत्तीर्ण मुलामुलींसमोर केलेले भाषण.)



आजच्या विषयाचे पत्रक फलकावर लागले तेव्हा टपाल खात्यातील एका साथींनी मला थांबवून विचारले, "पी.ए. होण्यासाठी चार वर्षांचे कॉलेज कशाला? आमच्याकडे परीक्षा देऊन होतात की!" त्यांच्या डोळ्यांसमोर पोस्टल असिस्टंट होता. मी ज्याविषयी बोलणार आहे तो पी.ए. म्हणजे फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारा शिक्षित सहाय्यक. तो नर्स नव्हे, कंपाउंडर नव्हे, डॉक्टरही नव्हे. आपल्या वसाहतीतील तीन-चार मुलामुलींनी हा अभ्यासक्रम घेण्याचा विचार बोलून दाखवला आहे, आणि त्यांचे आईवडील पी.एफ.मधून पैसे काढण्याचा अर्ज भरण्याच्या तयारीत आहेत. तेव्हा अर्जावर सही होण्याआधी चार गोष्टी बोलाव्यात असे वाटले.

माझा या विषयाशी संबंध आला तो धाकट्या भावामुळे. तो आर.एम.एस.मध्ये सॉर्टर होता. चालत्या डब्यात रात्र रात्र उभे राहून पत्रे लावणाऱ्यांपैकी. त्याची बायपास याच शहरात झाली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी पांढरा कोट घातलेली एक पंचविशीतील मुलगी आली. तिने खुर्ची ओढून घेतली आणि सर्व इतिहास विचारला: साखर केव्हापासून, तंबाखू किती, वडील कशाने गेले. मग कागदावर हृदयाचे चित्र काढून उद्या काय होणार ते सांगितले. भाऊ तिला "डॉक्टर" म्हणाला. ती म्हणाली, "अंकल, मी डॉक्टर नाही. मी फिजिशियन असिस्टंट आहे. पण उद्या मी ऑपरेशन टेबलापाशी असेन." दुसऱ्या दिवशी त्याच्या पायातील शीर काढण्याचे काम तिनेच केले, हे आम्हाला मागाहून कळले. मोठे सर्जन आम्हाला दोन वेळा भेटले, दोन्ही वेळा पाच मिनिटे. ही मुलगी रोज येत असे. घरी जाताना डिस्चार्जचा कागद तिनेच तयार केला आणि कोणती गोळी केव्हा घ्यायची ते माझ्या वहिनीकडून दोनदा म्हणवून घेतले.

हे काम आले कोठून? अमेरिकेत 1965 साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी हा अभ्यासक्रम सुरू केला. पहिल्या तुकडीत चारजण होते, नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले. युद्धनौकेवर जखमा शिवलेले हात सैन्यातून सुटल्यावर घरी रिकामे बसत होते आणि दुसरीकडे डॉक्टर पुरत नव्हते. 1967 मध्ये त्यांतील तिघे पदवी घेऊन बाहेर पडले.

आपल्याकडे डॉक्टरपेक्षा कमी शिक्षणाचा वैद्यक नवा नव्हता. ब्रिटिश अमदानीत लायसेन्शिएट होते. 1946 च्या भोर समितीने एकच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर हवा अशी शिफारस केली आणि ती परंपरा संपत गेली. पुढे जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून खेड्यातील बायांना आरोग्याचे काम शिकवून दाखवले. पण इस्पितळाच्या आत, शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी सहाय्यक उभा करण्याचे काम भारतात 1992 मध्ये मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरू केले.

रेल्वेच्या साथींनी येथे कान द्यावा. हे तेच डॉ. चेरियन, ज्यांनी 1975 मध्ये भारतातील पहिली बायपास शस्त्रक्रिया केली, आणि ती केली पेरांबूरच्या रेल्वे इस्पितळात! आपल्या रेल्वेच्या इस्पितळात. 1974 च्या संपाच्या दुसऱ्याच वर्षी. 2025 च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले, तेही याच बेंगळुरूत.

मद्रासनंतर हा अभ्यासक्रम इतरत्र पसरला आणि बेंगळुरूत तो चांगलाच रुजला. कारण उघड आहे. 2001 मध्ये डॉ. देवी शेट्टी यांनी नारायणा हृदयालय काढले. तेथे हृदयाच्या शस्त्रक्रिया इतक्या मोठ्या संख्येने होऊ लागल्या की लोक त्याची तुलना कारखान्याशी करू लागले. असे काम वाटून घेतल्याशिवाय होत नाही. सर्जनने सर्जनचेच काम करायचे, बाकीचे शिकवलेल्या माणसाने. वर्कशॉपमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतून हे शिक्षण मिळते. बारावीला जीवशास्त्र लागते. एकूण चार वर्षे, त्यांतील शेवटचे वर्ष इस्पितळात इंटर्नशिपचे.

आता मुले याकडे का वळतात? माझी पुतणी, त्याच सॉर्टरची मुलगी, याच मार्गाने गेली. प्रवेशाच्या मुलाखतीला जाण्यापूर्वी तिने पाठ केलेले उत्तर मला म्हणून दाखवले. समाजसेवा, मानवता, लहानपणापासूनचे स्वप्न. मी म्हटले, "हे खरे आहे का?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "काका, नीटला नंबर लागला नाही. खासगी एम.बी.बी.एस.ची फी बाबांच्या पेन्शनमधून भरणे होणार नाही. आणखी एक वर्ष क्लासमध्ये घालवायचे नाही. चार वर्षांत कमवायला लागेन." थोडे थांबून म्हणाली, "आणि बाबांच्या वेळी ती ताई चित्र काढत होती ना, ते मला जमेल असे वाटते."

मला विचाराल तर यातील एकही कारण लाजण्यासारखे नाही. पोट भरण्यासाठी काम शोधणे हा कामगाराच्या मुलाचा गुन्हा नव्हे. आपण गँगमन, पॉइंट्समन, पोस्टमन झालो ते काय लहानपणीचे स्वप्न म्हणून? काम करता करता ते आपले झाले. पण शेवटचे कारण नसेल, रुग्णाजवळ बसून एकच गोष्ट चार वेळा सांगण्याची तयारी नसेल, तर केवळ पांढऱ्या कोटासाठी या कामात जाऊ नये. नीट हुकली म्हणून मागच्या दाराने डॉक्टर होऊ, असे ज्याच्या मनात असेल त्याने तर मुळीच जाऊ नये. हे दार तिकडे उघडत नाही. या पदवीवर स्वतंत्र दवाखाना थाटता येत नाही, स्वतःच्या सहीने औषधे लिहून देण्याचा परवाना मिळत नाही. आयुष्यभर वरती डॉक्टर असणार, आणि कधी कधी तो डॉक्टर आपल्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असणार. असिस्टंट लोको पायलट निदान पुढे लोको पायलट होतो. येथे ती बढती नाही.

आता नावाची गोष्ट. आपल्या खात्यांना नाव बदलण्याचा फार सोस. एक्स्ट्रा डिपार्टमेंटल एजंटचा 2001 मध्ये ग्रामीण डाक सेवक झाला. गार्डचा 2022 मध्ये ट्रेन मॅनेजर झाला. नावाबरोबर किती पदरात पडले ते संबंधितांना विचारा. फिजिशियन असिस्टंटचेही तेच चालले आहे. अमेरिकेतील त्यांच्या संघटनेने 2021 मध्ये 'असिस्टंट' काढून 'असोसिएट' हे नाव स्वीकारले. इंग्लंडात 'असोसिएट'च होते, तर 2025 मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या समीक्षेने ते उलटे 'असिस्टंट' करावे असे सुचवले, कारण रुग्णांना समोरचा डॉक्टर आहे की नाही हे कळेना. तेथे डॉक्टरांची संघटना एका बाजूला आणि या सहाय्यकांची स्वतःची युनियन दुसऱ्या बाजूला असा सामना लागला आहे. मला त्या बेंगळुरूच्या मुलीची आठवण येते. तिने पहिल्याच वाक्यात मी डॉक्टर नाही असे सांगून टाकले होते, आणि भावाचा तिच्यावरचा विश्वास त्याने कमी झाला नाही.

आपल्या देशात 2021 मध्ये सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात फिजिशियन असोसिएट हा व्यवसाय नमूद आहे. म्हणजे 1992 मध्ये सुरू झालेल्या कामाला कायद्याच्या कागदावर जागा मिळायला 29 वर्षे लागली. राज्याराज्यांत परिषदा स्थापन करण्याचे काम इतके रेंगाळले की 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला मुदत घालून द्यावी लागली. तोवर पगार किती, तास किती, रात्रपाळीनंतर सुट्टी आहे की नाही, हे सर्व इस्पितळाच्या मालकाच्या मर्जीवर. माझ्या पुतणीने पहिल्या नोकरीत सलग छत्तीस तासांची ड्यूटी केली आहे. इस्पितळाचे नाव सांगत नाही, तिला या शहरात अजून काम करायचे आहे. आमच्या रनिंग स्टाफने दहा तासांच्या ड्यूटीसाठी किती वर्षे भांडण केले ते तिला मी सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्याकडे भांडायला युनियन तरी होती."

आणि सरकारी नोकरीचे काय? 2019 मध्ये रेल्वे भरती मंडळांनी पॅरामेडिकल पदांची मोठी जाहिरात काढली. त्यात परफ्युजनिस्ट होते, डायलिसिसचे तंत्रज्ञ होते. फिजिशियन असिस्टंट नव्हते. ज्या माणसाने हा व्यवसाय या देशात आणला त्याने पहिली बायपास रेल्वेच्या इस्पितळात केली, आणि रेल्वेच्या जाहिरातीत या व्यवसायाला एक ओळ नाही! आपली रेल्वे इस्पितळे डॉक्टर नाहीत म्हणून रुग्णांना बाहेर पाठवतात, बाहेर त्यांना हीच मुले तपासतात, आणि बिल आपल्याच प्रशासनाकडे येते. फेडरेशनच्या पुढील बैठकीत हे पद निर्माण करण्याची मागणी मांडावी असा ठराव मी लेखी दिला आहे. त्यावर रेल्वे आणि टपाल दोन्हीकडच्या साथींच्या सह्या हव्या आहेत.

आईवडिलांना एवढेच सांगतो की पी.एफ.चा अर्ज भरण्याआधी कॉलेज कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे ते विद्यापीठाकडूनच खात्री करून घ्या, कॉलेजच्या रंगीत पुस्तिकेवरून नव्हे. कॉलेजला स्वतःचे इस्पितळ आहे का, आणि इंटर्नशिपच्या वर्षात स्टायपेंड देतात की उलट फी घेतात, हेही विचारा. शक्य तर शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठा, तेथे खरे कळते.

माझी पुतणी आज येथे आली आहे, मागे दाराजवळ बसली आहे. रात्रपाळी करून आली आहे, म्हणून मी तिला व्यासपीठावर बोलावत नाही. ज्या मुलामुलींना विचारायचे असेल त्यांनी चहाच्या वेळी तिच्याकडे जावे. ठरावाचा कागद कोषाध्यक्षांच्या टेबलावर आहे.