एक मोहफूल, दोन मोहफूल



मी पायाळू आहे. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले, डोकं नंतर. आपल्याकडे पायाळू माणसाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. पहिली मानाची. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळूचा पाय लावून घ्यायला लोक दारात येतात. दुसरी भीतीची. पायाळूवर वीज पडते म्हणतात. मी पाचव्या वर्षापासून उसण काढायला लागले, आणि विजेला भ्यायलाही तेव्हापासूनच.

माझं माहेर ब्रह्मपुरी तालुक्यातलं, वैनगंगेच्या बाजूचं, धानाचं गाव. मे महिना सरत आला की दुपारनंतर आभाळ काळवंडायचं, वावधन सुटायचं, आणि आजी ओसरीतून ओरडायची, "पोरीले आत घ्या, इज चमकते!" बाकीची पोरं पडलेले आंबे वेचायला अंगणात धावत. मला मात्र माजघरात धानाच्या ढोलीमागे बसवून वरून वाकळ टाकली जाई. मग आजी अंगणात कुऱ्हाड फेकायची. विजेनं लोखंड घ्यावं आणि नातीला सोडावं, एवढाच तिचा हिशोब. वाकळीच्या अंधारात प्रत्येक कडकडाट मला माझा पत्ता विचारत आल्यासारखा वाटे.

आज वाटतं, आजीनं मला आत घेतलं ते बरोबरच केलं. चुकलं एवढंच, की बाकीच्या पोरांना तिनं बाहेर राहू दिलं.

माझ्या आजोबांची, आबाजींची, गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे ट्रान्झिस्टर होता, त्यावर मीडियम वेव्हवर नागपूर केंद्र लागायचं. पावसाळी संध्याकाळी गाणं चालू असताना मध्येच खर्रकन आवाज यायचा. आबाजी बोट वर करायचे. थोड्या वेळानं लांबून गडगड ऐकू यायची. "रेडिओले आधी समजते, मंग आपल्याले," असं ते म्हणायचे. मी वाकळीतून कान बाहेर काढून ऐकत असे. ती खरखर कशाची, हे पुढे शिक्षिका झाल्यावर वाचलं. वीज कडाडते तेव्हा प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही उसळतात. त्या प्रकाशाच्याच वेगानं येतात आणि मीडियम वेव्हच्या संचाला खरखर म्हणून ऐकू येतात. गडगडाट मात्र आवाजाच्या चालीनं, रमतगमत मागून येतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेनं देशभर जे विजेचे संवेदक बसवले आहेत, ते याच लहरी टिपून वीज कुठे पडली ते ठरवतात. त्याच माहितीवर 'दामिनी' हे मोबाइल ॲप चालतं आणि आपल्या भोवतालच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेची सूचना देतं. थोडक्यात, आबाजींचा ट्रान्झिस्टर ही आमच्या घरातली जुनी दामिनीच होती.

श्रोतेहो, विजेची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. आपल्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना तर आकड्यांचीही गरज नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये देसाईगंजच्या बाजूला लग्नाहून परतणारं एक अख्खं कुटुंब पाऊस आला म्हणून रस्त्याकडेच्या झाडाखाली थांबलं आणि तिथेच संपलं. त्याच वर्षी जुलैत चंद्रपूर जिल्ह्यात एका दुपारी वेगवेगळ्या गावांत विजेनं माणसं नेली. त्यांत शेतात राबायला गेलेल्या बाया होत्या. यांच्यात पायाळू किती, हे कुणी विचारलं नाही. विचारण्यात अर्थही नाही. शंभर बाळंतपणांत तीन-चार बाळं पायाकडून किंवा कुल्ल्यांकडून येतात. एवढ्या सगळ्यांच्या मागे लागायचं म्हटलं तर विजेला दुसरं काही कामच करता येणार नाही.

अमेरिकेत रॉय सुलिव्हन नावाचा एक वनरक्षक होता. १९४२ ते १९७७ या काळात त्याच्यावर सात वेळा वीज पडली आणि सातही वेळा तो वाचला. पुढे पुढे वीज आपल्या मागावर आहे, असं त्यालाही वाटू लागलं होतं. पण त्याची नोकरी बघा. डोंगराळ जंगलात, उघड्यावर, कधी टेहळणीच्या उंच मनोऱ्यावर. वीज माणूस पाहत नाही, जागा पाहते. उंच काय आहे, एकटं काय आहे, उघड्यावर काय आहे, एवढंच तिला दिसतं.

आता आपल्याकडच्या जागा पाहू. आपल्या बांध्या सपाट, पाण्यानं भरलेल्या. त्यात पन्नास पावलांवर धुऱ्यावर एखादा मोह उभा. रोवणीच्या दिवसांत दहा-बारा बाया टोंगळाभर चिखलात वाकलेल्या असतात. सर आली की सगळ्या धावतात कुठे? त्या मोहाखाली. त्या बांधीतली सगळ्यात उंच आणि एकटी वस्तू तीच. झाडावर पडलेली वीज खोडावरून उतरता उतरता शेजारच्या माणसावर उडी मारते, किंवा मुळांवाटे जमिनीत पसरते. ओल्या जमिनीत ती पसरताना आपले दोन पाय फाकलेले असले तर एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते. गुरांचे पुढचे-मागचे पाय तर एकमेकांपासून लांब असतात आणि छाती मध्ये, म्हणून एका झाडाखाली चार-चार बैल मरतात.

आणि वेळ पाहा. उन्हाळ्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूरचा पारा ४५च्या पुढे जातो. दिवसभर तापलेली हवा वर चढते, तिला ओल मिळाली की दुपारनंतर ढगांचे डोंगर उभे राहतात. तेंदूपत्ता तोडायला आपली माणसं पहाटे जंगलात जातात, ते त्या दृष्टीनं चांगलंच. पण पुडे बांधून ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, न्यायची आणि मोजून द्यायची वेळ दुपारनंतरची, म्हणजे नेमकी ढगांची. फळी उघड्या मैदानात असते, आणि माणसं रांग सोडत नाहीत, कारण दिवसभराची मजुरी त्या रांगेत उभी असते.

आता एका पोरीची गोष्ट सांगते. धानोरा तालुक्यातल्या एका गावात मी शिक्षिका होते. चौथीतली ही मुलगी. तिच्या घरामागचा मोह विजेनं उभा चिरला होता आणि खाली बांधलेली बैलजोडी गेली होती. त्यानंतर आभाळ नुसतं भरून आलं तरी पोर बाकाखाली शिरायची, कानांत बोटं, अंग थरथर. पुढे पुढे तर सकाळी ढग दिसला की शाळेतच यायची नाही. पहिल्यांदा मी तेच केलं जे कुणीही करेल. तिला जवळ घेतलं, पदर तिच्या डोक्यावरून ओढला. आणि पदर ओढताना हाताला ओळख पटली. ही तर आजीची वाकळ! मी तिच्यावर तीच टाकत होते.

मग ते दिवस मी तसेच जाऊ दिले. डिसेंबरात, आभाळ निरभ्र असताना, आम्ही सुरुवात केली. आधी फळ्यावर ढगाचं चित्र, विजेची रेघ. मग वर्गातल्या एका पोरानं लांबून पत्र्याचा डबा वाजवायचा. दर दिवशी डबा चार पावलं जवळ. पोरीनं ठरवायचं, आज किती जवळ. शेवटी मोबाइलवरचा खरा गडगडाट, आधी हळू, मग मोठ्यानं. आणि या सगळ्याबरोबर एक काम. मी आरसा चमकवला की तिनं मोजायला लागायचं: एक मोहफूल, दोन मोहफूल, तीन मोहफूल. 'एक मोहफूल' म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. डबा वाजला की थांबायचं. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून तीन मोहफुलांचा एक किलोमीटर. गणित तिसरीचंच.

पहिल्या खऱ्या पावसात ती पुन्हा बाकाखाली गेली. पण बाकाखालून आवाज आला, "एक मोहफूल, दोन मोहफूल..." आणि मग, "बाई, बावीस!" पूर्ण वर्ग भागाकार करायला लागला. पुढच्या वेळी ती बाकावर बसून मोजत होती, खिडकीपासून लांब. हात थरथरत होतेच.

त्याच पावसाळ्यात एका रविवारी ती आईची शिदोरी घेऊन रोवणीवर गेली. वीज चमकली, तिनं मोजलं, चोवीस. ती ओरडली, "चला, आत चला!" बाया हसल्या. गुत्त्याचं काम, निम्मी बांधी राहिलेली. पुढची चमक, पंधरा मोहफुलं. तेव्हा पोरीची आई पऱ्ह्यांची जुडी टाकून उठली, आणि तिच्यामागे सगळ्या उठल्या. धुऱ्यावरच्या झाडाकडे न जाता चालत शाळेच्या पक्क्या इमारतीत आल्या. त्या दिवशी त्या बांधीत वीज पडली नाही. गोष्टीसाठी पडली असती तर बरं, पण नाही पडली. बायांचा मात्र दीड तास बुडाला आणि रोवणी अंधारापर्यंत लांबली. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी गुत्ता ठरवतानाच मालकाला सांगून टाकलं, गडगडलं की आम्ही उठणार. एकटीनं उठायला लाज वाटते, आधी ठरलेलं असलं की वाटत नाही.

हिशोब सोपा आहे. चमक आणि आवाज यांत तीस मोहफुलांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम सोडा. मोजता आलं नाही आणि नुसतं गडगडलं, तरी सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच थांबा. आत म्हणजे पक्क्या घरात, किंवा काचा लावलेल्या बंद गाडीत. शेतातला मांडव, बिनभिंतीचं पत्र्याचं छप्पर, मोटरसायकल, उघडा ट्रॅक्टर हे 'आत' नव्हे. घरात असाल तर नळ, तारा आणि चार्जिंगला लावलेला फोन यांपासून दूर राहा. नुसता खिशातला मोबाइल वीज ओढत नाही, तो जवळ असू द्या. भामरागड, एटापल्लीच्या जंगलात त्याला रेंज नसेल, पण मोहफुलं मोजायला रेंज लागत नाही. जंगलातच अडकलात तर सगळ्यात उंच झाड सोडून बुटक्या झाडांच्या दाटीत थांबा. अगदीच उघड्यावर सापडलात तर पाण्यातून बाहेर या, एकमेकांपासून लांब व्हा, पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका. हा शेवटचा उपाय, तो तुम्हाला वाचवेलच असं नाही. म्हणून मोजणी आधी.

आणखी एक. वीज लागलेल्या माणसाला शेणात किंवा चिखलात गळ्याइतकं पुरून ठेवायचं, असं अजून ऐकू येतं. तसं करू नका. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते, त्याला शिवायला भिऊ नका. त्याचं हृदय आणि श्वास थांबलेला असू शकतो. १०८ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाबत राहा. विजेचा झटका बसलेली बरीच माणसं जगतात. त्यांच्यासाठी पहिली काही मिनिटं मोलाची असतात.

आणि ज्यांची भीती एवढ्यानं हटत नाही त्यांच्यासाठी. ढग नसतानाही छाती धडधडते, पावसाळाभर झोप लागत नाही, भीतीपायी शेत, शाळा, बाजार सुटतो, अशी माणसं आपल्या गावांत आहेत, आणि त्यांना आपण 'भित्रा' म्हणून मोकळे होतो. या भीतीवर उपचार आहेत. डबा चार चार पावलं जवळ आणायचा, हाच त्यांचाही गाभा आहे, फक्त तो जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली होतो. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून सुरू आहे, फुकट आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

माझं विचाराल, तर मी अजून दचकते. मागच्या पावसाळ्यात गावातले एक वयस्क गृहस्थ उसण भरली म्हणून वाकत वाकत आले. मी ओसरीतच त्यांच्या कमरेला पाय लावणार, तेवढ्यात लख्ख चमकलं. ते घाईघाईनं माझ्यापासून चार हात सरकले आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन उभे राहिले. पायाळू बाईजवळ कशाला थांबा! मी मोजत होते. एकवीस मोहफुलं. सात किलोमीटर.

"भाऊ," मी म्हटलं, "माझ्यापासून लांब राहा, पण झाडापासूनही लांब राहा. आत या. पाय आतच लावते."

ते आले. ढोलीमागे दोघांनाही पुरेल एवढी जागा होती.