समुद्राच्या तळाखाली खडक का वितळतो?

भूगोल शिकविताना माझ्या हातून वर्षानुवर्षे एक चूक होत आली. पृथ्वीचा छेद फळ्यावर काढावयाचा, वर पातळ कवच दाखवावयाचे, त्याखाली लाल खडूने रंग भरावयाचा आणि सांगावयाचे की, हा उकळता रस. कवचाला भेग पडली की तो वर येतो. मुले तेच वहीत उतरवीत, परीक्षेत तेच लिहीत आणि मी गुण देई. एके दिवशी मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, भूकंपाची दुसरी लहर द्रवातून जात नाही, असे तुम्ही मागच्या आठवड्यात सांगितलेत. मग खाली सगळा रसच असेल, तर ती जाते कशी?" त्या दिवशी काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तके उघडली, तेव्हा उमगले की प्रश्न बिनतोड होता.

कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जो थर आहे, त्यास प्रावरण म्हणतात. ते घन आहे. ती लहर त्यातून सुखरूप पार होते, हाच त्याचा पुरावा. प्रावरणाच्या वरच्या भागातील खडकास पेरिडोटाइट हे नाव आहे. ऑलिव्हीन व पायरॉक्सीन ही त्यातील मुख्य खनिजे. साठ-सत्तर किलोमीटर खाली त्याचे तापमान तेराशे अंश सेल्सिअसच्या थोडे वर असते. हाच खडक भूपृष्ठावर आणून तापविला, तर अकराशे अंशांच्या आसपासच तो वितळू लागेल. मग खाली अधिक तापलेला असूनही तो घन का राहतो? दाबामुळे. वितळताना खडकास अधिक जागा लागते, आणि वरील प्रचंड भार ती देत नाही.

गृहिणींना हे निराळ्या प्रकारे ठाऊक आहे. कुकरमधील पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ पुढे जाऊनही दाबामुळे जेमतेम उकळते. शेगडी विझवून लगेच झाकण ओढून काढले (असे कोणी करू नये!), तर विस्तव नसतानाही ते एकदम उसळून उकळेल. उष्णता वाढलेली नसते. फक्त दाब गेलेला असतो.

आता समुद्राकडे वळू. गोव्याच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येस दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर पाण्याखाली कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे. हे नाव, गंमत अशी की, एका बिअरच्या कारखान्याकडून आले आहे. १९२८ ते १९३० या काळातील डॅनिश सागरी मोहिमेस त्या कारखान्याच्या प्रतिष्ठानाचे साहाय्य होते. याच रांगेवर १९६२ साली 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने चुंबकत्वाची मोजणी केली. तीवरून फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ साली दाखविले की, नवा सागरतळ रांगेच्या माथ्यावर जन्मतो आणि दोन्ही बाजूंस सरकत जातो. कार्ल्सबर्ग रांगेवर हे दोन तट वर्षाला दोन-तीन सेंटीमीटरांनी एकमेकांपासून दूर जातात. आपली नखेही साधारण याच वेगाने वाढतात.

तट दूर सरले की मधली जागा भरून काढण्यास खालचा खडक वर येतो. घन स्थितीतच, अतिशय सावकाश. तो इतका अवाढव्य असतो की वाटेत त्याची उष्णता बाहेर निसटत नाही. प्रसरणामुळे तो निवतो, पण किलोमीटरामागे अर्धा अंशही नव्हे. दाब कमी झाल्याने त्याचा वितळबिंदू मात्र किलोमीटरामागे तीन-चार अंशांनी उतरतो. सुमारे साठ-सत्तर किलोमीटर खोलीवर या दोहोंची गाठ पडते आणि खडक वितळू लागतो. त्याला कोणी आच दिलेली नसते. किंचित पाणी असलेला खडक याहूनही खोलवर थोडाथोडा पाझरू लागतो.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा त्याच मुलीचा हात पुन्हा वर. "मग वर येईपर्यंत सगळाच का वितळत नाही?" या वेळी मी तयारी करून गेलो होतो. बर्फ वितळतो तो भोवतालची उष्णता घेऊन. खडकासही वितळण्यास उष्णता लागते; पण बाहेरून ती मिळत नाही, तेव्हा तो ती स्वतःतूनच खर्च करतो. जितका वितळावा तितका निवावा, असा हा हिशेब. त्यामुळे अगदी वर पोचलेल्या खडकाचाही फार तर पाचवा हिस्सा वितळतो; सरासरी दहाव्या हिश्श्याच्या आसपास. साठ किलोमीटरांचा दहावा हिस्सा सहा किलोमीटर, आणि सागरतळाचे कवच सहा-सात किलोमीटर जाडीचेच भरते!

शिवाय सर्व खनिजे एकदम वितळत नाहीत. सरबताचा गोठविलेला गोळा चोखला की गोडवा आधी उतरतो आणि पांढरा बर्फ हाती उरतो, तसेच येथे होते. सहज वितळणारे अंश कणांमधील फटींतून वर झिरपतात व थिजून बेसॉल्ट बनतात. ऑलिव्हीन बहुतांशी मागे राहते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगडही बेसॉल्टच. दाब उतरल्यानेच तोही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी निपजला. मात्र तेथे खालून येणारा खडक अधिक तापलेला होता.

तट फारच हळू सरकत असतील, तर हा हिशेब बिघडतो. आर्क्टिक महासागरातील गॅकेल रांगेवर ही गती वर्षाला एक सेंटीमीटरच्या आसपास आहे. तेथे वर येणारा खडक माथ्याशी पोचण्यापूर्वीच वरच्या थंडीने निवतो, वितळणे मध्येच थांबते आणि कवच पातळ राहते. कित्येक ठिकाणी तर बेसॉल्ट नाहीच; प्रावरणाचा खडकच सागरतळावर उघडा पडलेला आहे. तेथून वर काढलेल्या तुकड्यांचे छायाचित्र मी वर्गात लावले. तो खडक लाल मुळीच नाही; समुद्राच्या पाण्याने बदलून काळपट हिरवा झालेला आहे.